फ्रिज चालू असेपर्यंत

“दार उघड! अगं दार उघड, थांबेल तो आता!”

आत्या ओरडली आणि मी धावत जाऊन फ्रिजचं दार सताड उघडलं. गार हवा पायांवर आली. फ्रिज आपला घुमतच राहिला. आई ओट्याला टेकून उभी होती, माइक हातात, नजर टेबलापलीकडे बसलेल्या आत्यावर. आमच्या आरडाओरड्याचा तिच्या गाण्यावर काडीचाही परिणाम झाला नव्हता. बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, “आज पण दूध नासलं ना, तर तुम्हा तिघींना कोरा चहा पाजीन, सांगून ठेवतो!”

हे सगळं रेकॉर्ड झालं. बाबांचं दूध नंतर कापून टाकलं, पण आत्याचं ‘दार उघड’ तसंच राहिलं. पुढे नाचणाऱ्या लोकांना त्या गाण्यातलं नेमकं तेच सगळ्यात आवडलं. कशाचं दार, हे कुणी विचारलं नाही.

नणंद-भावजय म्हटलं की लोक कान टवकारतात. आता काहीतरी चटकदार ऐकायला मिळणार, असं त्यांना वाटतं. आमच्या घरातल्या नणंद-भावजयीने मिळून नाचाच्या गाण्यांचा अल्बम काढला, हे मी सांगते तेव्हा ते आधी हसतात आणि मग मी थट्टा करत नाहीये हे लक्षात आल्यावर माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः त्या स्वयंपाकघरात लॅपटॉपवर लाल बटण दाबायला बसलेली असायचे आणि तरी मला ते खरं वाटायचं नाही.

आई लॉन्ड्रीच्या काउंटरवर काम करायची. आलेला कपडा उजेडात धरायचा, डाग बघायचा, चिठ्ठी टाचायची आणि म्हणायचं, “मंगळवारी मिळेल.” लग्नाच्या आधीपासून ती हेच म्हणत आली होती. त्या म्हणण्यात गोडवा नसे आणि खेकसणंही नसे, आवाज अगदी सरळ. कितीही तणतणत आलेलं गिऱ्हाईक त्या आवाजाने निवायचं. ती गायची फक्त स्वयंपाकघरात. बाहेर कुणासमोर म्हणून कधी तोंड उघडलं नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायची, “मला नाही येत हो,” आणि ते तिला खरंच वाटायचं.

आत्या बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहायची. कानाच्या डॉक्टरांकडे लोकांना किती ऐकू येतं ते तपासायचं तिचं काम. एक बंद खोली, मधे काच. काचेपलीकडे पेशंट हेडफोन लावून बसणार, अलीकडे आत्या बारीकबारीक आवाज सोडणार, ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. या कामासाठी तिने चेहरा कमावला होता. “पेशंट कानापेक्षा माझ्या तोंडाकडे जास्त लक्ष देतात,” ती सांगायची. “माझी भुवई हलली रे हलली की दाबलंच बटण. मग बरोबर ऐकू येतंय म्हणून खूश होऊन घरी जातात आणि बायकोच्या हाका ऐकू येत नाहीत ते नाहीतच.” म्हणून त्या खुर्चीत बसली की तिचा चेहरा दगडी व्हायचा. त्याची सगळी कसर ती घरी काढायची. भाजीत मीठ जास्त पडलंय हे आमच्या जिभेआधी तिच्या चेहऱ्यावरून कळायचं. बाबा तिला ‘बीप’ म्हणायचे, मग आईही म्हणायला लागली. रागावली की मात्र आई तिला ‘वन्सं’ म्हणायची, आणि घरात सगळे गप्प व्हायचे.

एक ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा त्यांच्याकडचा जुना सिंथेसायझर आत्याने उचलून आणला, त्याच्यासोबत ताल वाजवणारा एक डबा. प्लग जवळ असलेलं टेबल घरात एकच होतं, स्वयंपाकघरातलं. त्यामुळे मशीन तिथेच मांडलं. ते मशीन म्हणजे म्हाताऱ्या माणसासारखं, तापलं की त्याचा सूर सरकायचा. दर थोड्या वेळाने एक खुंटी पिळून ते जागेवर आणावं लागे. सूर जुळवायला साधनं विकत मिळतात, फोनवर फुकट मिळतात. आत्याचा भरवसा फ्रिजवर. फ्रिज घुमायला लागला की ती कान देई, खुंटी पिळे, आणि तोंड सैल सोडून म्हणे, “हां. बसलं.”

एका संध्याकाळी ती अशीच टेबलाशी काहीतरी ठोकत बसली होती. डबा टकटक करत होता, मशीन खालच्या आवाजात गुरगुरत होतं. आईने निवडायची भाजी पुढ्यात घेतली होती आणि दिवसभराचं काउंटर तिच्या डोक्यात चालू होतं. तिने सहज त्या तालावर म्हणायला सुरुवात केली, “आज नाही, उद्या नाही, मंगळवारी मिळेल.” अगदी काउंटरवर म्हणायची तसंच, नुसता त्याला सूर लागलेला. आत्याचे हात मशीनवर तसेच राहिले. तिचा चेहरा कसा झाला होता ते मला आजही दिसतं. देवघरात दिवा लावताना माणसाचा होतो तसा.

“वहिनी,” ती म्हणाली, “परत म्हण.”

“काय परत म्हण? भाजी करायचीय मला.”

“भाजी मी करते. तू परत म्हण.”

तिथून सुरुवात झाली. गाणी त्यांनी कुठून आणली म्हणाल, तर आपापल्या नोकरीतून. आईकडे लॉन्ड्रीच्या चिठ्ठीवरची वाक्यं होती, आत्याकडे तपासणीच्या खोलीतली. ‘ऐकू आलं की दाब, नाही आलं तर थांब’ हे गाणं त्यातूनच झालं. त्यावर मीसुद्धा रिकाम्या घरात एकटी असताना नाचले आहे. जोडीचं नाव औषधाच्या बाटलीवरून घेतलं, ‘थंड, कोरडी जागा’. अल्बमचं नाव ‘डागांची जबाबदारी नाही’. बाबा म्हणाले, “तुमची नावं वाचून लोक नाचायला येणार की फिनेल विकत घ्यायला?” बाबा गाडी चालवायला शिकवायचे. आयुष्यभर शिकाऊ लोकांशेजारी बसून त्यांचा उजवा पाय कायम ब्रेकवर असायचा, घरी टीव्ही बघतानाही तो जमिनीत दाबला जायचा. नाच वगैरे त्यांचं काम नव्हतं.

पद्धत अशी ठरली की फ्रिज चालू असेपर्यंत गायचं. हे कुणी ठरवलं असं नाही. फ्रिज बंद झाला की आई आपोआप थांबायची, कांदा चिरायला घ्यायची, मशीन धुसफुसायचं. म्हणून मग तो बंद पडूच नये यासाठी दार उघडं ठेवायचं, आणि दुधाचा बळी जायचा.

सगळं असंच मजेत चाललं असतं. पण आत्याचे डॉक्टर म्हातारे झाले होते, त्यांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं. आत्याला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात काम मिळालं. ही बातमी तिने जेवताना सांगितली, ताटात बघत. आईने तिला वाढलं, अजून एकदा वाढलं, आणि मग म्हणाली, “जायच्या आधी पुरं करू या आपलं.” एवढंच. त्या दिवसापासून आई लॉन्ड्रीतून येताना रस्त्यात कुठे थांबत नसे.

शेवटचं एक गाणं उरलं होतं, ज्याने सगळं सुरू झालं ते, ‘मंगळवारी मिळेल’. बाकीची गाणी घेऊन आम्ही मिक्सिंग करणाऱ्या माणसाकडे गेलो. त्याने ती डोळे मिटून ऐकली. मान डोलावत होता, मधेच थांबला.

“मागे काहीतरी घुमतंय. काय आहे?”

“फ्रिज,” आत्या म्हणाली.

“फ्रिज?” त्याने डोळे उघडले. “काढून बघतो. पण याच्याबरोबर यांचा खालचा आवाज पण जाईल थोडा. निदान शेवटचं गाणं तरी शांत जागी करा ना. त्यात सुरुवातीला नुसता आवाज आहे म्हणालात.”

शांत जागा म्हणजे आत्याची खोली. सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांनी किल्ली दिली. मी त्या खोलीत पहिल्यांदाच गेले. दार लागलं आणि कानात कुणी कापूस कोंबल्यासारखं झालं. स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आवंढा गिळलेला ऐकू येत होता. आई काचेपलीकडे पेशंटच्या खुर्चीत बसली, पदर सारखा करून. आत्या अलीकडे आपल्या नेहमीच्या खुर्चीत, घरून आणलेलं मशीन पुढ्यात घेऊन.

त्या गाण्याची सुरुवात आईने एकटीने करायची. चार ओळी नुसता आवाज, मग मशीन आणि डबा एकदम शिरायचे. स्वयंपाकघरात ती जागा आली की माझ्या अंगावर काटा यायचा. आईने सुरुवात केली. “आज नाही, उद्या नाही...” चार ओळी झाल्या. आत्याने मशीन सोडलं.

जुळलं नाही. एका दारातून दोन माणसं एकदम शिरताना खांदे आपटावेत तसं झालं.

“पुन्हा,” आत्या म्हणाली.

पुन्हा तेच. आई कधी वर जायची, कधी खाली. प्रत्येक वेळी काचेतून आत्याकडे बघायची आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज आणखी बारीक व्हायचा. शेवटी तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. तिचं बोलणं आम्हाला माइकमधून ऐकू आलं, लॉन्ड्रीतल्यासारखं, सरळ.

“म्हणजे मला येतच नव्हतं. मी सांगत होतेच तुम्हाला.”

आम्ही घरी आलो. आल्या आल्या तिने टेबलावरचं मशीन उचलून कपाटावर ठेवलं आणि टेबल पुसलं.

आत्या मात्र विचार करत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज घुमायला लागला आणि ती चमचा हातात तसाच धरून म्हणाली, “वहिनी, हे बघ. तू इतके दिवस याच्या सुरावर गातेयस. मी मशीन त्याला लावते आणि तू पण त्यालाच धरून असतेस. त्या खोलीत तो नव्हता. एवढंच झालं.”

तिला वाटलं होतं आई खूश होईल. आई वळली.

“म्हणजे मी गात नव्हते, फ्रिज गात होता. बरं झालं सांगितलंत, वन्सं.”

बाबांनी पेपर तोंडासमोर घेतला. मी बॅग उचलून कामावर पळाले.

त्यानंतर काही दिवस घरात भांड्यांचाच आवाज होता. आई स्वयंपाक करताना गुणगुणायचीही बंद झाली. फ्रिज आपला मधूनमधून घुमे आणि तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राही. मला ते बघवत नव्हतं. माणसाकडे एकच जागा असावी जिथे त्याला मोकळं वाटतं आणि तीही कुणी काढून घ्यावी, असं ते होतं. आत्याचं जाणं जवळ येत होतं. तिने सामान बांधायला खोकी आणली होती.

एका संध्याकाळी आई लॉन्ड्रीतून येण्याच्या वेळेला आत्या मला घेऊन रस्त्यावरच जाऊन उभी राहिली. आई दिसली तशी तिने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्याकडे दिली.

“चल जरा.”

“कुठे? पाय दुखतायत माझे.”

“पाय दुखतायत, कान नाही ना दुखत? चल.”

आमच्या गल्लीच्या टोकाला जाळीच्या कुंपणात विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याच्या शेजारून आम्ही रोज जायचो यायचो. आत्याने आईला त्या जाळीपाशी उभं केलं.

“ऐक.”

“काय ऐक? गाड्या जातायत.”

“गाड्या जाऊ देत. खाली ऐक.”

आईने मान तिरकी केली. मीही ऐकलं. आधी काहीच नाही, मग हळूहळू ते गाड्यांच्या खालून वर आलं. घुमणं. एकसारखं, जाड, न थांबणारं. आईचा हात तोंडावर गेला.

“अगं, हा तर आपला फ्रिज!”

“पुढे चल,” आत्या म्हणाली.

तिने आम्हाला गावभर हिंडवलं. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या थंड बाटल्यांच्या कपाटापाशी नेलं. दुकानदार म्हणाला, काय देऊ, तर ही म्हणते काही नको, नुसतं ऐकतोय. उंच इमारतीच्या जिन्याखाली नेलं, तिथे विजेच्या मीटरांची रांग होती. औषधाच्या दुकानाच्या पाटीखाली उभं केलं, तिच्यातली नळी बारीक भुणभुणत होती, वरच्या सुरात, पण तोच सूर. प्रत्येक ठिकाणी आई कान देई, मग हळूच तोंडातल्या तोंडात मंगळवारची ओळ म्हणून बघे, आणि प्रत्येक ठिकाणी ती बसे.

“सगळीकडे एकच वीज आहे ना,” आत्या म्हणाली. “एकाच ठिकाणाहून येते, एकाच वेगाने थरथरते. मला पण माहीत नव्हतं गं. मी आपली आपल्या फ्रिजचं कौतुक करत होते. परवा दवाखान्यात ट्यूबलाइट ऐकली तेव्हा डोक्यात उजेड पडला.”

आई रस्त्याच्या मधोमध उभी राहून वरच्या तारांकडे बघत होती. तारा एका खांबावरून दुसऱ्यावर, घरांवरून, पलीकडे कुठेतरी लांब गेल्या होत्या. घराघरात दिवे लागत होते. इतकी वर्षं मी त्या तारांकडे पतंग अडकायची जागा म्हणून बघितलं होतं. अख्खं गाव रात्रंदिवस एक सूर धरून बसलेलं आहे, हे कळल्यावर मला क्षणभर पाय कुठे टाकावा ते सुचेना. हे मी वाढवून सांगत नाही.

“आणि कुणाला माहीतच नाही?” आईने विचारलं.

“असून काय करतील? त्यांना कपडे धुवून पाहिजे असतात. वहिनी, तू फ्रिजला धरून गातेस ना? मग गा. तो काय एकट्या आपल्या स्वयंपाकघरात आहे? जाशील तिथे असणार आहे.”

आईने आपली पिशवी माझ्याकडून परत घेतली. घरी आल्यावर तिने कपाटावरचं मशीन खाली घेतलं, त्याच्यावरची धूळ लॉन्ड्रीतल्या मऊ ब्रशने झाडली आणि दूध फ्रिजमधून काढून बाहेर ठेवलं. “उकळून ठेवा आधीच,” बाबांना म्हणाली.

शेवटचं गाणं स्वयंपाकघरातच झालं, पहिल्या दमात. मिक्सिंग करणाऱ्याने ते ऐकलं, खटपट करून बघितली आणि शेवटी फ्रिज ठेवूनच दिला. म्हणाला, “राहू दे. काढला की घर रिकामं वाटतं.”

अल्बम निघाला तो एका रविवारी. निघाला म्हणजे काय, मी लॅपटॉपवर सगळं चढवून ठेवलं होतं, एक बटण दाबायचं होतं. आत्या म्हणाली, वहिनीने दाबावं. आई म्हणाली, बीपने दाबावं. शेवटी बाबा वैतागून उठले, “ऐकू आलं का? मग दाबा!” आणि त्यांनीच दाबलं. काही झालं नाही. कुठे घंटा वाजली नाही. सगळ्या जगात कुणालाही आता आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसता येणार होतं आणि आम्ही चौघं चहा पीत होतो.

खरा कार्यक्रम मात्र दुपारी होता. लॉन्ड्रीत ट्रॅकसूट धुवायला देणाऱ्या एक बाई बॅडमिंटनच्या हॉलमध्ये व्यायामाचे वर्ग घेत. त्यांनी आईच्या मागे लागून एक दोन गाणी आधीच ऐकली होती आणि हॉल मिळवला होता. आम्ही बाबांच्या शिकवायच्या गाडीतून मशीन नेलं. हॉलच्या उंच खिडक्यांतून ऊन आत आलं होतं. माणसं जमली, ओळखीची थोडी आणि अनोळखी जास्त. लॉन्ड्रीची गिऱ्हाइकं होती, कानाचे पेशंट होते, व्यायामाच्या बायका आपापल्या मुलींना घेऊन आल्या होत्या. आईने नेहमीचीच साडी नेसली होती, इस्त्री मात्र अशी की कडेने बोट कापावं. स्टेजवर चढण्याआधी ती भिंतीवरच्या विजेच्या पेटीपाशी गेली, कान लावला, आणि परत आली.

“आहे,” ती आत्याला म्हणाली.

मग त्यांनी सुरू केलं. आधी लोक भिंतीला धरून उभे होते. ‘ऐकू आलं की दाब’ लागलं आणि एका म्हाताऱ्या पेशंटने सवयीने अंगठा दाबला. शेजारच्याने बघून दाबला. थोड्याच वेळात सगळा हॉल हवेत अंगठे दाबत उड्या मारत होता. ‘दार उघड’ला तर छप्पर उडायचं बाकी होतं. त्या सगळ्यात आईचा तो सरळ, न हलणारा आवाज, जणू एकेकाला चिठ्ठी टाचून देतेय. मी माझ्या आईला जन्मापासून ओळखते. त्या दुपारी मला वाटलं, हिला कुणीतरी माझी ओळख करून द्यायला हवी.

शेवटचं गाणं आलं. आईने सुरुवात केली. “आज नाही, उद्या नाही, मंगळवारी मिळेल...” आणि दुसऱ्या ओळीवर वीज गेली.

माइक गेला. वरचे दिवे गेले, स्पीकरचं घुमणं गेलं, पंखे हळूहळू थांबले. जी शांतता झाली ती मी एकदाच ऐकली होती, आत्याच्या खोलीत. आईचा आवाज अर्ध्यावर थांबला होता. माणसं इकडेतिकडे बघायला लागली, कुणीतरी हसलं. आत्या मशीनवर हात ठेवून उभी होती, तोंड उघडं, डोळे आईवर.

आई तिच्याकडेच बघत होती. मग तिने माइक खाली केला आणि दुसरी ओळ पहिल्यापासून घेतली. नुसत्या गळ्याने. “डाग जाईल, नाही जाणार, मंगळवारी मिळेल...” आवाज काही मोठा नव्हता, पण त्या हॉलमध्ये तो शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. ओळ संपली आणि माझ्या शेजारी धप् असा आवाज झाला. बाबांचा उजवा पाय. ब्रेक. पुन्हा धप्. त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. व्यायामाच्या बाईंनी तो ठेका उचलला, मग त्यांच्या बायकांनी, आणि बघता बघता सगळा हॉल लाकडी जमिनीवर पाय आपटायला लागला. त्यावर आई गात राहिली. चार ओळी संपल्या, तिने पुन्हा घेतल्या. खिडक्यांतल्या उन्हात धूळ वर उठली होती. त्या पायांची थरथर माझ्या दातांपर्यंत येत होती. मी रडत होते आणि नाचतही होते, दोन्ही एकदम करता येतं हे मला तेव्हा कळलं.

वीज आली. दिवे फडफडले, स्पीकर घुमले. आत्याने एक पट्टी दाबली आणि मशीनचा जाड आवाज आईच्या आवाजाखाली येऊन बसला. तसूभरही इकडेतिकडे नाही. हॉलमधल्या लोकांना त्यात काय विशेष ते कळायचं कारण नव्हतं. ते नाचतच होते. आत्या मात्र पट्टी दाबून धरून, सगळ्यांसमोर, ओक्साबोक्शी रडत होती.

परत येताना आई गाडीत पुढे बाबांशेजारी बसली. मशीन मागे माझ्या आणि आत्याच्या मांडीवर होतं. आत्या पुढे वाकली.

“वहिनी, खरं सांग. लाइट गेली तेव्हा काय धरून गायलीस?”

“काय धरून म्हणजे?”

“फ्रिज नव्हता, ट्यूब नव्हती, काहीच नव्हतं. तरी तू जागेवर होतीस.”

आई खिडकीतून बाहेर बघत होती. “तुझं तोंड होतं ना,” ती म्हणाली.

“माझं तोंड?”

“जरा वर गेलं की तू लिंबू चावल्यासारखं करतेस. खाली आलं की हनुवटी ओढतेस. बरोबर लागलं की ओठ सैल सोडतेस. मी तेच बघत गाते पहिल्यापासून. तुला नव्हतं माहीत?”

आत्याचा हात आपल्याच हनुवटीकडे गेला.

“त्या दिवशी दवाखान्यात तू काचेमागे दगडासारखी बसलीस,” आई म्हणाली, “मग मी काय बघून गाणार होते?”

बाबांनी गाडी कडेला घेतली आणि चष्मा पुसला. “तुमच्या फ्रिजपायी माझं सगळं दूध फुकट गेलं म्हणजे,” ते म्हणाले. त्यावर आम्ही जे हसलो, ते घर येईपर्यंत.

पुढच्याच आठवड्यात आत्या गेली. मशीन इथेच ठेवून गेली, तिकडे खोली लहान होती. अल्बम आपल्या वाटेने फिरत राहिला. कुठल्या कुठल्या लोकांनी त्यावर नाचल्याचं कळवलं. कुणी म्हणालं, शेवटचं गाणं संपलं तरी त्यांच्या स्वयंपाकघरात ते चालूच असल्यासारखं वाटतं, असं का? आईने मला उत्तर लिहायला सांगितलं, की वाटू द्या.

आत्याचा फोन रोज यायचा. आई तिच्याशी भाजीबद्दल बोलायची, लॉन्ड्रीबद्दल बोलायची, गाण्याबद्दल नाही.

एक दिवस मी कामावरून आले तेव्हा बाबा बाहेरच्या खोलीत पेपर बाजूला ठेवून बसले होते. त्यांनी मला तोंडावर बोट ठेवून खूण केली. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. आई ओट्याला टेकून उभी होती, टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, आणि गात होती. नवीन काहीतरी होतं, मी ऐकलेलं नव्हतं. फ्रिज घुमत होता. घुमता घुमता तो एकदा हलला आणि बंद झाला.

मी सवयीने पाऊल पुढे टाकलं, दार उघडायला. आईने हात वर करून मला थांबवलं. खुर्चीवरची नजर तिने काढली नाही. ती गात राहिली, एक ओळ, मग दुसरी, मधेच जरा थांबून, खुर्चीकडे बघून, थोडी खाली येऊन, पुन्हा पुढे. खुर्चीच्या पाठीवर आत्याचा विसरलेला टॉवेल होता.

बऱ्याच वेळाने फ्रिज आपला आपण सुरू झाला.

जुळलेलं होतं. आईने ओठ सैल सोडले आणि दूध आत ठेवायला वळली.